वाचनालयाच्या हॉलमध्ये आवाज प्रचंड घुमतो, मागे बसणाऱ्याला एक शब्द कळत नाही. काय करता येईल?

कार्यकारिणी_सदस्य:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात. आमचं कोकणातलं तालुक्याचं गाव, वाचनालय जुनं. आधी कौलारू इमारत होती, तिच्या माडीवर व्याख्यानं, कीर्तनं, काव्यवाचन सगळं व्हायचं आणि माइकची कधी गरज पडली नाही. ती इमारत धोकादायक झाली म्हणून पाडली आणि तीन वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून नवी बांधली. वरच्या मजल्यावर हॉल आहे, ६० फूट लांब, ३५ फूट रुंद, १४ फूट उंच. वर आरसीसी स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतींना पुट्टी मारून ऑइल पेंट, दोन्ही बाजूंना काचेच्या स्लायडिंग खिडक्या, खुर्च्या प्लॅस्टिकच्या. दिसायला इतका सुंदर झालाय की फोटो बघून बाहेरगावचे सभासद कौतुक करतात.

पण उद्घाटनाच्या दिवशीच लक्षात आलं की काहीतरी चुकलंय. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि नुसता घुंऽऽऽ असा आवाज भरून राहिला. तेव्हा वाटलं माइक खराब असेल. मग माइक बदलला, मग दोनाचे चार स्पीकर केले, मग मोठे स्पीकर आणले, आणि दर वेळी आधीपेक्षा वाईट झालं. यंदाच्या व्याख्यानमालेला आमच्या गावातल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, वय ८० च्या पुढे, मला पाचवीला शिकवायला होत्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत म्हणून संध्याकाळी घरी गेलो तर म्हणाल्या, अरे आवाज येतो, शब्द येत नाहीत, मग दोन तास बसून करू काय? त्या माडीवरच्या एकाही व्याख्यानाला कधी चुकल्या नव्हत्या. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून हा विषय जात नाहीये.

उन्हाळ्यात मुलांचं शिबिर असतं, ७०–८० पोरं असतात, तेव्हा तर ताईंचा घसा दुसऱ्याच दिवशी बसतो. त्यात रस्त्याच्या अंगाला एसटी स्टँड, हॉर्न आत येतात. एका कॉन्ट्रॅक्टरने चारही भिंतींना पॅनेलिंग आणि फॉल्स सीलिंग असं अंदाजपत्रक दिलं ते आमच्या आवाक्याच्या पार बाहेर आहे, आमच्याकडे फार तर ७० हजार आहेत. कोणी म्हणतं पडदे लावा, कोणी म्हणतं फोम चिकटवा, कोणी म्हणतं इक्वलायझर घ्या. नेमकं काय करावं? पैसा लोकांचा आहे, वाया गेलेला चालणार नाही.

मंडप_साउंडवाला:

दादा पहिली गोष्ट, साउंड सिस्टीमवर आता एक रुपयाही घालू नका. मी पंचवीस वर्षं हेच काम करतो, मंगल कार्यालयं, समाजमंदिरं, शाळांचे हॉल सगळीकडे हीच रड आहे. लोकांना ऐकू येत नाही की व्हॉल्यूम वाढवतात, आणि हॉल घुमणारा असला की व्हॉल्यूम वाढवून काही होत नाही, कारण स्पीकरमधून थेट कानावर येणारा आवाज जेवढा वाढतो तेवढाच भिंतींवरून फिरून येणाराही वाढतो. दोघांचं प्रमाण तेच राहतं. उलट चार कोपऱ्यांत चार स्पीकर लावले की चार ठिकाणांहून तोच शब्द थोडा थोडा मागे-पुढे येतो आणि त्याचं पिठलं होतं.

एक काम करा. हॉल रिकामा असताना मधोमध उभं राहून एकदाच जोरात टाळी वाजवा आणि गप्प ऐका. टाळी विरायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. मग बाजूच्या दोन भिंतींच्या बरोबर मध्ये वाजवा, तिथे टर्रर्र असा पाल चुकचुकल्यासारखा आवाज आला तर समजा आवाज दोन समोरासमोरच्या सपाट भिंतींमध्ये चेंडूसारखा टप्पे खातोय. मग स्टेजवर उभं राहून हॉलकडे तोंड करून वाजवा. तुमचा हॉल ६० फुटी आहे, मागच्या भिंतीवरून टाळी परत स्टेजवर यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे बोलणाऱ्याला स्वतःचाच शब्द मागून ऐकू येत असणार. तुमचे पाहुणे अडखळत असतील तर त्यांचा दोष नाही.

आणि आजच्या आज फुकटात करण्यासारखं म्हणजे, मागचे दोन स्पीकर बंद करा. पुढचे दोन खाली आणा, साधारण बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या दीड-दोन फूट वर, आणि तोंड लोकांकडे किंचित खाली झुकवा. आत्ता ते नक्की वर स्लॅबजवळ टांगलेले असणार. बोलणाऱ्याला माइक तोंडापासून चार बोटांवर धरायला सांगा म्हणजे गेन (मिक्सरवर माइकचा आवाज उचलायचं बटण) कमी ठेवता येतो. बेस पूर्ण काढा. व्याख्यानाला बेस लागत नाही.

रात्रपाळी:

आमच्या पोराने त्याच्या खोलीत रेकॉर्डिंगसाठी अंड्याचे ट्रे चिकटवलेत. अंडीवाल्याकडून फुकट मिळतात. तुमच्याकडे पण जमेल की, शे-दोनशे ट्रे गोळा करायचे.

फिजिक्सवाले_सर:

ट्रे लावू नका. आवाज शोषला जातो तो आकारामुळे नाही, जाडी आणि सच्छिद्रपणामुळे. अंड्याचा ट्रे म्हणजे पातळ कागदाचा लगदा, त्याने वरच्या पट्टीतली किंचित खरखर कमी होते, माणसाच्या बोलण्याचा मुख्य भाग जिथे असतो तिथे जवळजवळ काही नाही. शिवाय कोकणातली हवा, पहिल्या पावसाळ्यात बुरशी आणि झुरळं, आणि समईची वात लागली तर पेट घेणार.

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तुम्ही एक फार महत्त्वाची गोष्ट सहज लिहून गेलात. जुन्या माडीवर माइक लागत नव्हता. का लागत नव्हता ते बघा. वर कौलं, कौलांत फटी, त्यातून आवाज निघून जायचा. लाकडी जमीन, वाशांची उघडी रांग, आणि लोक जाजमावर मांडीला मांडी लावून बसलेले. आवाजाला परत फिरायला गुळगुळीत टणक जागाच नव्हती. नव्या हॉलमध्ये सहाच्या सहा बाजू टणक. टाइल, काच, ऑइल पेंटची भिंत, हे सगळे आलेल्या आवाजातला शंभरातला दोन-तीन भाग शोषतात, बाकी सगळा परत फेकतात.

याचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे आणि ते कसं सापडलं ते मी दरवर्षी वर्गात सांगतो. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात फॉग म्यूझियमचं नवं व्याख्यानगृह बांधलं आणि तिथे अगदी तुमच्यासारखंच झालं, प्राध्यापकाचं बोलणं कुणाला कळेना. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघ काही करता येतं का. तो रात्री सगळं शांत झाल्यावर जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या त्या खोलीत आणून ठेवायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज पुरता विरेपर्यंत किती सेकंद जातात ते घड्याळावर मोजायचा, मग आणखी काही गाद्या, परत मोजायचा. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंदांच्या आसपास आवाज टिकत होता. त्यातून त्याला कळलं की आवाज किती वेळ टिकणार हे फक्त दोन गोष्टींवर ठरतं, खोली केवढी आहे आणि तिच्यात आवाज पिणारं सामान किती आहे. मोजमापासाठी त्याने एकक धरलं ते उघड्या खिडकीचं. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे शंभर टक्के शोषण. तुमच्या कौलांच्या फटी म्हणजे तेच.

आता तुमचा हॉल. ६० गुणिले ३५ गुणिले १४ म्हणजे २९,४०० घनफूट. सूत्र असं की घनफळाला ०.०४९ ने गुणायचं आणि एकूण शोषणाने भागायचं, उत्तर सेकंदात येतं. जमीन, छत आणि भिंती मिळून ६,८६० चौरस फूट होतात. दारं, स्टेज, खुर्च्या सगळं धरून सरासरी ५ टक्के शोषण समजलं तर एकूण शोषण ३४० चौरस फूट उघड्या खिडकीएवढं. १,४४० भागिले ३४०, म्हणजे सव्वाचार सेकंद. माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो, म्हणजे तुमच्याकडे प्रत्येक अक्षराच्या अंगावर मागची सतरा-अठरा अक्षरं अजून लोंबकळत असतात. बाईंना शब्द येत नाहीत ते यामुळे. कानाचा दोष नाही, आणि असलाच तर श्रवणयंत्र हा घुमारा काढू शकत नाही, ते तोही मोठा करून देतं.

माणसं स्वतः आवाज पितात. बसलेला एक माणूस साधारण साडेचार चौरस फूट उघड्या खिडकीएवढा. ५० माणसं आली की ३४० चे ५६५ होतात आणि वेळ अडीच सेकंदांवर येतो. व्याख्यानाला एक-सव्वा सेकंद हवा. १.२ सेकंद धरला तर १,२०० लागतात, म्हणजे तुम्हाला साधारण ६३५ जास्तीचं शोषण आणायचंय. दोन इंच जाडीचं रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची दाबलेली लादी, बोलण्याच्या पट्टीत ८५ टक्क्यांच्या आसपास शोषतं, म्हणजे ७५० चौरस फूट झालं की काम झालं. छताच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. चारही भिंती आणि पूर्ण सीलिंगची काही गरज नाही, कॉन्ट्रॅक्टरचा कागद बाजूला ठेवा.

कार्यकारिणी_सदस्य:

सर, इतकं स्वच्छ आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मंडपवाल्या दादांनी सांगितलं तसं काल रात्री साडेनऊला आम्ही तिघं जण जाऊन टाळी वाजवली. मी वाजवली, एकाने मोबाइलवर वेळ धरली. दहा वेळा केलं, साडेतीन ते साडेचार सेकंदांच्या मध्येच येत होतं. सरांचं गणित आणि आमचं घड्याळ इतकं जुळलं की अंगावर काटा आला. खिडक्यांच्या दोन भिंतींमध्ये टर्रर्र पण येतं. आणि स्टेजवरून वाजवली तर मागून कुणीतरी दुसऱ्याने वाजवल्यासारखी स्पष्ट ऐकू येते, हे तीन वर्षांत आमच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

स्पीकर पण खाली घेतले, मागचे काढले. आमच्यातल्या एकाला पेपरचा अग्रलेख वाचायला लावला. फरक आहे, आधीपेक्षा शब्द सुटे होतात, पण मागच्या चार रांगांत अजून गोंधळच.

आता प्रश्न असा की रॉकवूल उघडं तर लावता येणार नाही. ते बसवायचं कसं? आणि जाड पडदे लावले तर तेवढंच काम होणार नाही का? पडदे शिवून देणारे आमच्याकडे फुकट आहेत.

कथकवाली_ताई:

मी यातून गेलेय म्हणून लिहिते. माझा नृत्याचा क्लास आहे, हॉल तुमच्यापेक्षा लहान, ४० बाय २५, एका बाजूला पूर्ण आरसे. २० मुलींचे घुंगरू आणि तबला एकत्र वाजला की मला माझाच बोल ऐकू यायचा नाही, रोज संध्याकाळी डोकं दुखायचं. मी आधी पडदेच केले होते. भिंतीच्या मापाचे बरोबर कापले, ताणून लावले, आणि काही म्हणजे काही झालं नाही. नंतर कळलं की पडद्याला चुण्या हव्यात, भिंतीच्या रुंदीच्या दुप्पट कापड, आणि भिंतीपासून निदान चार-सहा इंच सुटा. तेव्हा तो काम करतो. पण पातळ कापड फक्त वरचा चरचरीत आवाज खातं, खालचा घुमणारा तसाच राहतो, त्यामुळे खोली अजूनच बोद वाटते. तुमच्या खिडक्यांना जाड, चुणीदार पडदे जरूर लावा, टर्रर्र जाईल, पण सगळी मदार त्याच्यावर ठेवू नका.

पॅनल आम्ही घरीच केले. चार फूट बाय दोन फुटाची रॉकवूलची स्लॅब मिळते, दोन इंच जाड, ४८ डेन्सिटीची (म्हणजे घनमीटरला ४८ किलो) मागा. त्याच मापाची पाइनच्या पट्ट्यांची चौकट सुताराकडून करून घेतली, पट्टी अडीच इंच रुंद म्हणजे स्लॅब आत बसते. मागून-पुढून कापड. कापड कुठलं घ्यायचं याची एक युक्ती आहे, तोंडाला लावून फुंकर मारायची, हवा आरपार गेली तर आवाजही जाणार. रेक्झिन, फ्लेक्स, प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं सोफ्याचं कापड अजिबात नको. आम्ही मांजरपाट घेतला आणि हळदी-तपकिरी रंगवून घेतला, स्वस्तात झाला. आत स्लॅबला आधी पातळ न विणलेल्या कापडाची पिशवी करा, मास्कला असतं तसलं, म्हणजे तंतू खाली झडत नाहीत. काम करताना पूर्ण बाह्यांचे शर्ट, हातमोजे, मास्क, चष्मा. पहिल्या दिवशी मी साध्या कॉटनच्या कुर्त्यात बसले आणि रात्रभर हात खाजत होते, तेव्हा हे मनावर घ्या. एक पॅनल मला सातशे-आठशेच्या घरात पडलं, मजुरी सोडून, कारण स्टेपल मारायला मुलींच्या आयाच बसल्या होत्या.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, पॅनल छताला चिकटवू नका, फूटभर खाली आडवे टांगा. चिकटवलं की एकच बाजू काम करते, टांगलं की वरची बाजूही आवाज पिते. त्यामुळे संख्याही कमी लागते.

फिजिक्सवाले_सर:

ताईंचं म्हणणं बरोबर आहे. टांगलेलं चार बाय दोनचं पॅनल दोन्ही बाजू मिळून साधारण दहा-साडेदहा चौरस फूट शोषण देतं. ६३५ भागिले साडेदहा, म्हणजे ६० पॅनल. मागे सोडलेल्या पोकळीचा आणखी एक फायदा, आवाजाची लाट जितकी लांब तितकी ती पकडायला जाडी जास्त लागते. १,००० हर्ट्झची लाट फूटभराच्या थोडी वर, पण १०० हर्ट्झची अकरा फुटांहून लांब, दोन इंचाने तिचं काही वाकडं होत नाही. मागे हवा सोडली की तेच दोन इंच खालच्या सुरांनाही थोडं लागू पडतं.

सगळे ६० छताला नकोत. मागच्या भिंतीला १२ तरी द्या, डोक्याच्या उंचीपासून वर, भिंतीपासून दोन-तीन इंच सुटे. स्टेजवर परत येणारी ती टाळी तिथूनच मरते. आणि तुमच्याकडे पुस्तकं आहेत. उघडे रॅक असतील, काचेची किंवा पत्र्याची दारं नसलेले, तर ते भिंतीला लावा. कमी-जास्त उंचीची, पुढे-मागे ठेवलेली पुस्तकं आवाज विस्कटून टाकतात. स्टीलची बंद गोदरेज कपाटं मात्र नकोत, ती भिंतीइतकीच टणक.

साइट_इंजिनिअर:

दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पहिली, फोम. कार्यकारिणीत कुणीतरी फोम सुचवलाय असं वर वाचलं. तो लांबट करड्या सुळक्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम ऑनलाइन स्वस्त मिळतो, लावायला सोपा, आणि तो सार्वजनिक हॉलमध्ये लावू नये असं मी हात जोडून सांगतो. २००३ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये एका क्लबात स्टेजमागच्या भिंतीवर असाच फोम होता, स्टेजवरच्या फुलबाज्यांच्या ठिणग्यांनी तो पेटला आणि १०० माणसं गेली. २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये सांता मारियाला छताचा फोम पेटून २४२ गेले, बहुतेक विद्यार्थी, आणि बरेचसे धुरानेच. तुमच्याकडे दीपप्रज्वलन होतं, समई असते, गणपतीत आरती असते. रॉकवूल दगडाचं असतं, ते जळत नाही. पॉलिएस्टर फायबरच्या रंगीत शीट्स येतात आठ बाय चारच्या, त्या घ्यायच्या झाल्या तर विक्रेत्याकडून आगीच्या चाचणीचं सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय घेऊ नका, आणि नऊ-बारा मिलिमीटरची शीट थेट भिंतीला चिकटवली तर तिची करामत निम्म्याहून कमी होते हेही लक्षात ठेवा.

दुसरी, टांगणं. स्लॅबला लाकडी गुट्टी आणि स्क्रू असलं काही करू नका. अँकर फास्टनर मारा, प्रत्येक पॅनलला चार टोकांना चार, खाली जीआयची तार किंवा सीलिंगचा रॉड. डोक्यावर टांगलेली वस्तू आहे, खाली म्हातारी माणसं आणि लहान मुलं बसणार. पंख्यांच्या रॉडची लांबी बघा, पात्यांच्या वर पॅनल राहिलं पाहिजे आणि पात्यापासून बाजूलाही फूटभर जागा सोडा, नाहीतर पंखा गरगरतो आणि वारं खाली येत नाही. ड्रिलिंगच्या आधी कन्सील्ड वायरिंगचा नकाशा बाहेर काढा. कोकणात असाल तर पाइनच्या पट्ट्यांना वाळवीचं औषध मारूनच चौकट करा, आणि पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल धरते तिथे पॅनल लावू नका.

पावसातला_प्रवासी:

एसटीच्या हॉर्नचं काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही. आमच्या गावच्या शाळेतही हाच घोटाळा झाला होता, त्यांनी वर्गाच्या भिंतीला कसल्याशा शीट्स लावल्या आणि मग म्हणे बाहेरचा आवाज तर येतोच.

साइट_इंजिनिअर:

बरोबर, कारण ही दोन वेगळी कामं आहेत. रॉकवूलचं पॅनल आतला आवाज पितं, बाहेरचा अडवत नाही. अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. तुमची सहा इंच, नऊ इंच वीट किंवा ब्लॉकची भिंत पुरेशी आहे, हॉर्न येतो तो स्लायडिंग खिडकीतून, आणि तिथेही काचेपेक्षा फटीतून जास्त. स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये ती केसाळ ब्रशची पट्टी असते, तीन वर्षांत ती चेपून गेली असेल, बदलून घ्या. जिथे दोन पल्ले एकमेकांवर येतात तिथली फट बघा, रात्री आत दिवा लावून बाहेरून बघितलं तर उजेड दिसतो, जिथून उजेड दिसतो तिथून आवाज येतो. कार्यक्रमाच्या वेळी स्टँडकडच्या खिडक्या बंद, मागच्या बाजूच्या उघड्या. हवाही राहते, आणि उघडी खिडकी म्हणजे सरांनी सांगितलं तसं शंभर टक्के शोषण, ते फुकट मिळतं.

मंडप_साउंडवाला:

आणखी एक छोटं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाइल्सवर सरकवल्या की जो कर्कश आवाज होतो तो थेट कानठळ्या बसवतो, व्याख्यानात कुणी उशिरा आलं की पुढचं वाक्य गेलंच. पायांना रबरी बुचं मिळतात हार्डवेअरच्या दुकानात. आणि पुढे सतरंजी घाला, मुलं आणि ज्यांना खाली बसता येतं ते पुढे बसतील, जुन्या माडीसारखं.

कार्यकारिणी_सदस्य:

मंडळी, मध्ये अडीच महिने गेले, उशिराबद्दल माफी असावी. काम झालं. कसं झालं ते सांगतो.

बैठकीत आधी विरोधच झाला, इतका चांगला हॉल आणि छताला गाद्या कसल्या टांगताय असं काही जणांचं म्हणणं. मग मी सगळ्यांना हॉलच्या शेवटच्या रांगेत बसवलं आणि स्टेजवरून एकाला माइकशिवाय दहा शब्द वाचायला लावले, साधे शब्द, वड, फड, गड, कड असले. प्रत्येकाने कागदावर काय ऐकू आलं ते लिहायचं. दहापैकी कुणाचे तीन बरोबर, कुणाचे चार. आमच्या अध्यक्षांचे दोन. त्यानंतर ठराव एकमताने झाला.

पॅनल गावातल्या सुताराने केले आणि कापड मारायला वाचनालयाच्या महिला वाचक मंडळाच्या बारा-पंधरा जणी चार रविवार बसल्या. मांजरपाटच घेतला, मातकट रंगाचा. फुंकर मारायची ताईंची युक्ती दुकानात केली तेव्हा दुकानदार बघत राहिला, आणि खरंच, जे कापड त्याने आधी काढलं होतं त्यातून हवा जात नव्हती. ४८ छताला, १२ मागच्या भिंतीला, सगळे मिळून ६०. अँकर फास्टनर आणि ड्रिलिंगचं काम इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन केलं, एका ठिकाणी वायर बरोबर पॅनलच्या टोकावर येत होती ती नकाशामुळे वाचली. खिडक्यांना चुणीदार पडदे. सगळं मिळून ५८ हजार झाले.

रात्री परत तिघं जाऊन टाळी वाजवली. रिकाम्या हॉलमध्ये दीड सेकंद, कधी थोडं कमी. स्टेजवर परत येणारी टाळी गेली. पहिल्यांदा वाजवली तेव्हा आम्हाला वाटलं नीट वाजलीच नाही, म्हणून परत वाजवली. दहा शब्दांची परीक्षाही परत घेतली, त्याच लोकांची, शब्द नवीन, बहुतेकांचे नऊ आणि दहा आले.

परवा कथाकथन झालं. दोनच स्पीकर, आवाज आधीच्या निम्म्यावर. बाईंना आणायला मी स्वतः गेलो होतो, त्या नको नको म्हणत होत्या. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती, पण त्या मुद्दाम सहाव्या रांगेत जाऊन बसल्या, म्हणाल्या मला बघायचंय. कथेत एका जागी बोलणाऱ्याने आवाज अगदी खाली आणला, पुटपुटल्यासारखा, आणि मी बाईंकडे बघत होतो. त्या बरोबर जागेवर हसल्या.

शिबिराचं अजून कळायचंय, ते मे महिन्यात. खुर्च्यांची बुचं अर्धीच लागलीत, १५० खुर्च्या म्हणजे ६०० बुचं, आणि आमच्या खुर्च्यांचा पाय तिरका असल्यामुळे साधी बुचं आठवड्यात निघून पडतायत. तिरक्या पायाला टिकणारं बूच कुणी वापरलं असेल तर कुठलं ते सांगा.

मंडप_साउंडवाला:

दादा वाचून फार बरं वाटलं. बूच एक नंबर लहान घ्या, गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवून मऊ करा आणि मग दाबून बसवा, गार झालं की आवळून धरतं. माझ्या मंडपाच्या खुर्च्यांना तीन सीझन टिकलीत.